अवजाराच्या मागे माणूस हवा



वडसा आणि आजूबाजूच्या गावांतल्या बचत गटांबरोबर आम्ही काम करतो. आमच्या तोंडून तुम्ही नेहमी बचत, कर्ज, हप्ता हेच शब्द ऐकता. आज मात्र आम्ही अवजारांबद्दल बोलणार आहोत, आणि अवजारांपेक्षाही ती बनवणाऱ्या माणसाबद्दल. काही जण अवजार विकून मोकळे होतात. काही जण विकल्यावरही आपल्या हाकेला ओ देतात. या दोघांत फरक काय, तो आपल्या पदराला किती पडतो, आणि दुसऱ्या प्रकारचा माणूस ओळखायचा कसा, एवढंच आज बघायचं आहे.

आधी आपलं वर्ष आठवा. मिरगात पऱ्हे टाकायचे, मग चिखल, मग रोवणा. रोवणा झाला की निंदण. दिवाळीच्या आगेमागे धानाची कापणी, बांधणी आणि चुरणा. उन्हाळा लागला की मोहफूल, आणि मे महिन्यात तेंदूपत्ता. रोवणा आणि मोह वेचणं हातानं होतं, पण बाकी कामाला विळा, खुरपं, कुदळ, कुऱ्हाड असं काहीतरी लागतंच. आणि या प्रत्येक कामाचे दिवस ठरलेले असतात. कापणीत विळ्याची मूठ निघाली म्हणून पिकलेलं धान थांबत नाही, दाणा झडतो. निंदणाच्या आठवड्यात यंत्र बंद पडलं म्हणून तण वाढायचं थांबत नाही. आणि एक गोष्ट तर आपल्याला पक्की ठाऊक आहे. अवजार बंद पडलं तरी कर्जाचा हप्ता बंद पडत नाही.

आता आम्ही एक प्रश्न विचारतो. तुमच्या घरातला विळा कोण वापरतं? तुम्ही. खुरपं कोण वापरतं? तुम्हीच. पण ते बाजारातून कोण आणतं? बहुतेक घरांत पुरुष आणतात. म्हणजे राबणारा हात एकाचा आणि दुकानात बोलणारं तोंड दुसऱ्याचं. मूठ जाड आहे, दांडा उंच आहे, वजन पेलत नाही, ही तक्रार घरातच राहते. बनवणाऱ्याच्या कानावर ती कधी जातच नाही. मग तो पुन्हा तसंच अवजार बनवतो. चांगल्या कारागिराची पहिली खूण इथेच कळते. तो विचारतो, हे चालवणार कोण?

जुन्या काळी गावात बलुतेदार लोहार आणि सुतार होते. सुगी झाली की शेतकरी खळ्यावरून त्यांना धान मापून द्यायचा. त्या बदल्यात वर्षभर फाळ पाजवणं, विळ्याला धार लावणं, दांडा-मूठ बसवणं ही कामं ते करायचे. यात एक शहाणपण होतं. मोबदला नुसत्या वस्तूचा नव्हता, वर्षभराच्या कामाचा होता. विळा वारंवार बिघडला तर कष्ट लोहारालाच पडणार, म्हणून विळा टिकाऊ करण्यात त्याचंही भलं होतं. ती पद्धत जातीशी बांधलेली होती, कारागिराच्या मुलाला दुसरी वाट नव्हती, आणि माप देताना अन्यायही होत असे. ती परत यावी असं आम्ही म्हणत नाही. पण रोखीचा बाजार आला तेव्हा वस्तू आपल्या हाती आली आणि वर्षभराचं ते काम मधल्या मधे सुटून गेलं. आता ते आपल्याला मागून घ्यावं लागतं.

नाव निघालेल्या कारखान्यांची सुरुवातही कधीकाळी लहानच होती. किर्लोस्कर हे नाव आपण पंपावर वाचतो. त्यातले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलीच्या दुकानापासून सुरुवात केली. पुढे त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं आणि मग लोखंडी नांगर केला. तेव्हा शेतकरी म्हणायचे की लोखंडानं जमीन नासते. पहिले नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली. १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या निवडुंगाच्या माळरानावर त्यांनी कारखाना आणि वसाहत उभी केली. तीच आजच्या सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी.

शेतकऱ्याचा हा नकार अडाणीपणाचा होता असं समजून हसू नका. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार नीट करून देत होता. लोखंडी नांगर मोडला तर जायचं कुणाकडे? नवीन अवजार घेताना आपण अडखळतो तेव्हा आपल्या मनातही हाच प्रश्न असतो. म्हणून गिऱ्हाइकाशी बोलणं चालू ठेवावं लागतं. १९२० साली या कारखान्यानं ‘किर्लोस्कर खबर’ नावाचं पत्रक काढलं. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत आणि विक्रेत्यांपर्यंत पोचावी हा त्याचा हेतू होता. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर ते चालवत. त्याचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, आणि १९३० साली त्याच घरातून बायकांसाठी ‘स्त्री’ मासिक निघालं. म्हणजे नांगर घेणाऱ्याशी बोलायला काढलेल्या कागदापासून निघालेली वाट बायकांच्या मासिकापर्यंत पोचली. कारागीर गिऱ्हाइकाशी बोलायला लागला की गोष्ट कुठवर जाते ते बघा.

त्याच सुमारास आणखी एक घडलं. १९२९ साली महात्मा गांधींच्या अखिल भारतीय चरखा संघानं एक बक्षीस जाहीर केलं. घरात चालवता येईल असा चांगला चरखा जो बनवेल त्याला एक लाख रुपये. त्या काळचे एक लाख. पण अटी ऐका. चरखा साध्या झोपडीत मावला पाहिजे. एका बाईला तो फार त्रास न होता आठ तास चालवता आला पाहिजे. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको. नीट देखभाल केली तर तो वीस वर्षं टिकला पाहिजे. आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नको, म्हणजे दीडशे रुपयांच्या चरख्याला वर्षाला फार तर साडेसात रुपये. किर्लोस्करांच्या कारखान्यात तयार झालेला चरखाही या बक्षिसासाठी तपासला गेला. पण सगळ्या अटींत बसणारा चरखा निघाला नाही, आणि ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

बक्षीस मिळालं नाही, पण त्या अटी आम्हाला फार मोलाच्या वाटतात. एखाद्या अवजाराबद्दल एका बाईनं जे विचारायचं ते सगळं त्यात आहे. माझ्या घरात मावेल का? माझ्या अंगाला पेलेल का? मला परवडेल का? किती वर्षं टिकेल? आणि बिघडलं तर दर वर्षी मला किती पडेल? शंभर वर्षं होत आली, तरी दुकानात गेल्यावर आपण त्यातला एकच प्रश्न विचारतो, केवढ्याला?

आता आपल्याकडचा अनुभव सांगतो. आमच्या भागातल्या काही गटांनी श्री पद्धतीनं धान लावायचं ठरवलं. त्यात रोपं पंचवीस-पंचवीस सेंटीमीटरवर सरळ ओळीत लावतात आणि दोन ओळींमधून कोनो विडर ढकलत नेतात. त्याला दातांची दोन चाकं असतात. ती तण उपटून चिखलात दाबतात. वाकून निंदायचं काम उभ्यानं होतं, म्हणून बायांना हे पसंत पडलं. विडर एका बाहेरच्या पुरवठादाराकडून आले. दांडा इतका उंच की ठेंगण्या बाईच्या छातीला लागायचा. आठ-दहा दिवसांत दोन विडरची चाकं गाळ बसून अडकली. फोन केला की एकच उत्तर, कळवतो. ते कळवत राहिले आणि इकडे बाया पुन्हा कंबर वाकवून निंदायला लागल्या. पुढच्या हंगामापर्यंत ते विडर गोठ्याच्या कोपऱ्यात पडून होते.

दुसऱ्या वर्षी बाया एका छोट्या कारखानदाराकडे गेल्या. कारखाना म्हणजे काय, तर टिनाचं शेड, एक लेथ, एक वेल्डिंग मशीन आणि दोन-तीन पोरं. पाच बाया जुना विडर डोक्यावर घेऊन गेल्या. त्यानं आधी किंमत सांगितली नाही. तो म्हणाला, “बाई, हा चालवते कोण? त्याले समोर येऊ द्या.” मग त्यानं सगळ्यात उंच आणि सगळ्यात ठेंगण्या बाईला शेजारी उभं केलं आणि कोपरापासून जमिनीपर्यंत दोरीनं माप घेतलं. दांड्याला त्यानं वरखाली तीन भोकं पाडली. नटबोल्ट काढला की दांडा खाली-वर करता येतो. एवढ्याशा तीन भोकांनी एकच विडर सासूलाही चालला आणि सुनेलाही.

एक विडर तयार झाल्यावर बाकीचे बनवायच्या आधी तो स्वतः बांधीत आला. एका मावशीनं दोन ओळी चालवून सांगितलं, “भाऊ, पुढच्या पत्र्यावर चिखल चढते, ढकलवत नाही जी.” पुढचा होडीसारखा पत्रा विडरला गाळात रुतू देत नाही. त्यानं त्या पत्र्याचं नाक वर वाकवून आणलं. मग पुन्हा चालवून पाहिला, आणि त्यानंतरच बाकीचे बनवले. विडरबरोबर त्यानं एक पाना, थोडे जास्तीचे नटबोल्ट आणि चाकाचे दोन बुश दिले. चाक कसं खोलायचं, गाळ कसा धुवायचा आणि तेल कुठे घालायचं हे त्यानं बायांना दाखवलं. नुसतं दाखवलं नाही, त्यांच्याकडून करून घेतलं. आमच्या भागात पाना हातात धरलेल्या बाया तोपर्यंत थोड्याच होत्या.

आणखी एक गोष्ट त्यानं केली. निंदणाच्या दिवसांत एक विडर त्यानं स्वतःजवळ राखून ठेवला. कुणाचा बिघडला तर दुरुस्त होईपर्यंत तो घेऊन जायचा. एकीचा विडर दगडावर आपटून दात वाकले. तेव्हा तो स्पष्ट बोलला, “हे माझ्या कामाचा दोष नाही, दगडाचं काम आहे. याचे पैसे लागतील.” पैसे लागले, पण काम त्याच दिवशी झालं. चांगली सेवा म्हणजे सगळं फुकट, असं नाही. काय माझ्याकडे लागतं आणि काय तुमच्याकडे, हे आधी सांगणं आणि सांगितल्याप्रमाणे वागणं म्हणजे चांगली सेवा. गोड बोलणारे पुष्कळ असतात. हा माणूस फार गोड नव्हता, पण खरा होता.

हे छोट्या कारागिराला जमतं, मोठ्याला का जमत नाही? मोठ्यांनाही जमतं, पण त्यांना त्यासाठी माणसं नेमावी लागतात. छोटा कारागीर आपल्याच बाजारात भेटतो. त्याचं अवजार बिघडलं तर गावात त्याचंच नाव जातं. त्याला दहा हजार गिऱ्हाइकं नकोत, पण आहेत ती पन्नास टिकली पाहिजेत. पण त्याची एक दुखरी बाजूही समजून घ्या. तो लोखंड रोखीनं आणतो आणि माल उधारीवर देतो. उधारी थकली की पुढचं लोखंड येत नाही, आणि तो कारागीर शेड बंद करून दुसऱ्या शहरात मजुरीला जातो. मग दुरुस्तीला आपण कुणाकडे जाणार? आपल्या गटांनी त्याला अर्धे पैसे आगाऊ दिले आणि अर्धे अवजार चालवून पाहिल्यावर दिले. म्हणून पुढच्या वर्षीही तो शेडमध्ये होता. सेवा दोन्ही बाजूंनी असते.

आता कामाचं बोलू. गटातर्फे किंवा घरासाठी अवजार घेताना हे पाच प्रश्न विचारा. कागदावर लिहून न्या.

पहिला प्रश्न, चालवून बघू द्याल का? दुकानाच्या फरशीवर नाही, चिखलात किंवा शेतात. आणि चालवून बघायला चालवणारी बाईच जाईल.

दुसरा प्रश्न, यातलं आधी काय झिजेल? प्रत्येक अवजारात काहीतरी आधी झिजतंच. जो म्हणतो काहीच होत नाही, त्याला एकतर ठाऊक नाही किंवा सांगायचं नाही. जो म्हणतो, बुश एका हंगामात जाईल, तो भरवशाचा.

तिसरा प्रश्न, झिजलं तर ते कुठे मिळेल आणि कोण बसवेल? इथे एक उदाहरण देतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं वैभव विळा तयार केला. त्याला करवतीसारखे दात असतात. झटका न देता ओढून कापता येतं आणि साध्या विळ्यासारखी सारखी धार लावावी लागत नाही. धान कापायला हा विळा चांगला. पण दात बोथट झाले तर साध्या कानशीनं दोन हात मारून भागत नाही. दात पुन्हा काढून देणारा जवळ आहे का, की नवीनच घ्यायचा, हे घेतानाच विचारा. त्याचा हिशोब आधी करता येतो.

चौथा प्रश्न, दुरुस्तीला किती दिवस लागतील, आणि तोवर बदली काही द्याल का? हंगाम दहा दिवसांचा आणि दुरुस्ती पंधरा दिवसांची असेल, तर ती दुरुस्ती आपल्या कामाची नाही.

पाचवा प्रश्न, बिल द्याल का, आणि हमी बिलावर लिहून द्याल का? तोंडी हमी वाऱ्यावर जाते.

या पाचांची उत्तरं मिळाली की मग किंमत विचारा. समजा एक विडर पंधराशेचा आहे आणि दुसरा दोन हजारांचा. पंधराशेचा एका हंगामात कोपऱ्यात गेला तर एका हंगामाचे पंधराशे पडले. दोन हजारांचा पाच हंगाम चालला आणि दर हंगामाला दुरुस्तीचे शंभर लागले, तर पाच वर्षांत झाले अडीच हजार, म्हणजे हंगामाला पाचशे. स्वस्त कोणता? हा हिशोब गटाच्या बैठकीत मोठ्यानं करा. घरी एकटीनं केला तर ‘पाचशे जास्त कशाला’ म्हणून कुणीतरी मोडून काढतं. दहा जणींनी केलेला हिशोब सहज मोडत नाही.

सगळं विचारूनही कुणी फसवलं तर? तर गप्प बसू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण जिथे राहतो त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. विकणारा नागपूरचा असो की पुण्याचा, आपल्याला तिथे जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तक्रारीला फी नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या नंबरवर फोन करून सल्ला घेता येतो आणि तक्रार नोंदवता येते. पण हातात बिल हवं. बिल नसेल तर आपलं खरं असूनही सिद्ध करणं जड जातं. म्हणून गटाच्या रजिस्टरमध्ये अवजारांसाठी एक पान ठेवा. कधी घेतलं, कुणाकडून घेतलं, काय बिघडलं, किती दिवसांत नीट झालं, किती लागले, हे सगळं त्यात लिहा. दोन हंगामांची नोंद झाली की कोणता कारागीर भरवशाचा हे ते पानच सांगेल. दुसऱ्या गटाला सांगतानाही आपलं बोलणं ऐकीव राहणार नाही.

आपल्याकडूनही थोडं लागतं, ताईंनो. ‘भाऊ, हे बेकार आहे’ एवढंच सांगितलं तर कारागिराला काही कळत नाही. कुठे अडकतं, कोणत्या मातीत अडकतं, किती वेळ चालवल्यावर अडकतं, हे सांगा. काम झाल्यावर अवजार धुवून, पुसून, तेल लावून ठेवा. आणि चांगलं चाललं तर तेही जाऊन सांगा. तक्रार करायला सगळे जातात, चांगलं सांगायला कुणी जात नाही. त्या माणसाला आपल्या तीन भोकांचा किती उपयोग झाला हे कळलं, तर चौथी गोष्ट तो आपणहून करेल.

शेवटी एकच मुद्दा. आपल्यातल्या पुष्कळ जणीही आता काहीतरी बनवून विकतात. कुणी बांबूची सुपं-टोपल्या, कुणी मोहाचे लाडू, कुणी पापड, कुणी शिवणकाम. आपणही छोट्या कारागीरच आहोत. तेव्हा जे दुसऱ्याकडून मागतो ते आपणही दिलं पाहिजे. सुपाचा काठ सुटला तर परत आणा, बांधून देऊ, असं म्हणणाऱ्या बाईचं सूप लोक पुढच्या बाजारात शोधत येतात. लाडू कधी केले आणि किती दिवस चांगले राहतील हे पाकिटावर लिहिणारीकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येतं.

या आठवड्याच्या बैठकीत एक काम करा. घरातली बंद पडलेली, मूठ निघालेली, कोपऱ्यात गेलेली अवजारं मोजा आणि प्रत्येकीनं आपली यादी आणा. त्यातली किती दुरुस्त होण्यासारखी आहेत ते बघा आणि दोघी-तिघींनी मिळून ती कारागिराकडे घेऊन जा. कापणीला अजून वेळ आहे तोवरच जा, म्हणजे त्यालाही सवड असेल. आणि जाताना घरातल्या कुणाच्या हाती पाठवू नका, तुम्ही स्वतः जा. तुमच्या हातांना काय हवं ते तुमच्या तोंडूनच त्याला कळू द्या.